पोकळ मीठ

आमच्या गल्लीत कुणाला गजर लावावा लागायचा नाही. सकाळी आईचं भाजीवाल्याशी भांडण सुरू झालं की लोक उठायचे. दुपारी तिनं खानावळीत कुणाला तरी "टाकायचं होतं तर पानात घेतलंस कशाला?" असं खडसावलं की समोरचा औषधांचा दुकानवाला शटर अर्धं ओढून जेवायला यायचा. मिरजेत घड्याळं बंद पडली असती तरी आमच्या गल्लीचं काही अडलं नसतं.

ही खानावळ आजोबांच्या दुमजली घराच्या तळमजल्यावर होती, हॉस्पिटलांच्या रस्त्यावरच. जेवायला येणारे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. रात्रभर बाकड्यावर बसून पाठ धरलेले, चेहरे उतरलेले. आई त्यांच्यावरही ओरडायची. "दोन घास नीट खा की हो! तुम्ही आडवे झालात तर त्यांच्या उशाशी कोण बसणार? मी?" आणि ओरडता ओरडता आमटी वाढायची. एखाद्याकडं पैसे नसले तर आणखी जोरात ओरडायची, म्हणजे शेजारच्या टेबलाला वाटावं, ही बाई वसुली करतीय. माणूस फुकट जेवून जायचा आणि कुणाला कळायचं नाही.

पान वाढायची तिची एक रीत होती. आधी मीठ. पानाच्या वर मधोमध चिमूटभर मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि मग बाकीचं. कितीही गर्दी असली तरी हा क्रम मोडायचा नाही. "मीठ पडल्याशिवाय पान होत नाही, नुसतं ताट राहतं," असं ती म्हणायची. (आमच्याकडं स्टीलचीच ताटं होती, पण आईपुढं हे कोण बोलणार?)

मी विदिशा, तेव्हा दहावी ब. बाबा मी बालवाडीत असताना अपघातात गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. आता मी कुठंही उभी राहून बोलू शकते, माइक नसला तरी! पण गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. घरातला सगळा आवाज आई एकटीच वापरून टाकायची, माझ्या वाट्याला काही उरायचाच नाही. पाटपाण्यापासून गणिताच्या पेपरापर्यंत सगळ्याला ओरडा. मला आई आवडायची, पण ती खाली असली की मला वरच्या मजल्यावर असायला आवडायचं.

आता मामा. उदयमामा पुण्याला असतो. आईपेक्षा लहान, तिला अक्का म्हणतो. दर भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, तबकात साडी ठेवायचा आणि जेवण झालं की बॅगेतून हक्कसोडपत्र काढायचा. आजोबांच्या घरात आईचा निम्मा वाटा होता. त्यावर पाणी सोडल्याची सही तिनं केली की मामा घर विकणार, एका तपासणी केंद्राला. मग खानावळ बंद.

"सगळ्या बहिणी सोडतात, अक्का. रीतच आहे ती."

"बहिणीला सांभाळायची पण रीत आहे. ती कुठल्या कागदावर लिहून आणलीस, दाखव बघू!"

मग भांडी, मग रडारड, मग मामाची गाडी. आमची भाऊबीज दर वर्षी अशी.

गेल्या भाऊबीजेला मात्र मामानं बॅगेतून कागद काढला नाही. तबकात साडीही ठेवली नाही. एक खोकं ठेवलं. त्यात चिमटी होती!

मी तर नाचलेच. माझ्या वर्गात निम्म्यांकडं चिमटी होती. हळदीकुंकवाच्या करंड्याएवढं यंत्र, वर अंगठा ठेवायला खळगा, खाली चोच. अंगठा ठेवला की चोचीतून तुमच्या पुरतं मीठ पानात पडतं.

"मागच्या वर्षी माझ्यावर ओरडलीस ना, तेव्हा तुझी मान थरथरत होती," मामा म्हणाला. "डॉक्टरांनी बीपी किती सांगितलं ते मला विदूनं सांगितलंय. आईबाबा गेले, भावजी गेले. आता तू गेलीस तर मी ओवाळून कुणाकडनं घेऊ गं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. मी पुष्कळ विचार केलाय, ते खोटं नव्हतं.

आईनं खोकं उलटंपालटं केलं. "मला माझा हात पुरतो," म्हणाली. पण भावानं तबकात घातलेलं परत कसं करायचं? तिनं ते देवाच्या फळीखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी अंगठा लावला.

इथं थोडं विज्ञान सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. (आणि मला ते फार छान सांगता येतं.)

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, एवढं आपण दोन गुणांपुरतं पाठ करतो. त्यातला सोडियम फार कामाचा. बोट हलव, पळ, डोळे मीट, असा कुठलाही निरोप मज्जातंतूतून पुढं सरकतो तो सोडियमचे कण पेशीत शिरतात म्हणून. मिठाचा मनाशी काय संबंध, हे लोकांना बरंच उशिरा कळलं. प्रयोगशाळेतल्या उंदरांना खूप खारट खायला घातलं की ताणाच्या वेळी त्यांच्या अंगात ताणाचं संप्रेरक जास्तच उसळायचं. उलट सोडियम तोडलं की ते मलूल व्हायचे. साखरेचं पाणी पुढं ठेवलं तरी त्यांना त्याचं अप्रूप वाटायचं नाही. पुढं मी प्राथमिक शाळेत असताना कुणीतरी मोठी उडी मारली. प्रत्येक माणसाचा मिठाचा एक अरुंद पट्टा असतो, असं ठरलं. पट्ट्याच्या वरच्या काठाला माणूस चिडका, मधे बरा, आणि खालच्या काठाला सगळ्याला 'असू दे' म्हणणारा.

चिमटीच्या पोटात दोन कप्पे असतात. एकात खरं मीठ आणि दुसऱ्यात पोकळ मीठ. पोकळ मीठ पोटॅशियमचं, त्यातला कडवटपणा काढून टाकलेला. जिभेला डिट्टो मीठ, पण आत सोडियमचा पत्ता नाही. अंगठ्याच्या घामावरून यंत्र तुम्हाला ओळखतं, अंगात सोडियम किती ते बघतं आणि दोन्ही मिठांचं मिश्रण सोडतं. घरचा स्वयंपाक अळणी करायचा, मीठ ज्याचं त्यानं चिमटीतून घ्यायचं. कुणाला पट्ट्यात कुठं धरायचं ते फोनवरून ठरतं, आणि ते ठरवणारा एकच असतो, ज्याच्या नावावर यंत्र घेतलंय तो. चिमटीच्या भाषेत तो 'कुटुंबप्रमुख'.

आमचा कुटुंबप्रमुख पुण्यात राहत होता. हे माझ्या डोक्यात यायला संक्रांत उलटून जावी लागली.

कारण मधले दिवस इतके छान होते! दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत आईचा आवाज एक पट्टी खाली आला होता. मग अजून एक. भाजीवाला म्हणेल तो भाव. पातेलं निसटून पडलं तर ती वाकून उचलायची, बस्स. एकदा माझा गणिताचा पेपर तिनं बघितला, मला चाळीसपैकी सतरा होते. ती म्हणाली, "पुढच्या वेळी बघू गं." मी तिथंच उभी. वाटलं, आता ओरडा पडेल, मग पडेल. पडलंच नाही काही!

मग मी खाली खानावळीत बसून अभ्यास करायला लागले. मग मोठ्यानं वाचायला लागले. मग एकदा रिकाम्या टेबलांपुढं उभी राहून भाषणच ठोकलं. आई कोथिंबीर निवडत ऐकत होती. "छान बोलतेस," म्हणाली. तेवढ्यावर मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं, मग तालुक्याला गेले आणि डिसेंबरात जिल्ह्यात पहिली आले. माझा विषय काय होता सांगू? 'घरातील संवाद'.

मधे एकदा मला थोडं खटकलं होतं. चंपाषष्ठीला आमच्याकडं खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. देवाच्या आधी चव घ्यायची नाही, आणि हा नैवेद्य चिमटीच्या आधीपासून जसा होतो तसाच, हातानं मीठ घालून. आईचा हात इतक्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता. यंदा प्रसादाचा पहिला घास घेतला आणि मी आईकडं बघितलं. भरीत पूर्ण अळणी.

"आई, यात मीठच नाहीय."

"होय?" तिनं चाखून बघितलं. "विसरले वाटतं. असू दे."

आधीची आई असती तर कपाळावर हात मारून घेतला असता, वांगी परत भाजायला घातली असती, देवाची माफी मागितली असती आणि वर माझ्यावरच ओरडली असती, तू का नाही आठवण केलीस म्हणून. ही आई रोडगा खात राहिली. खानावळीतल्या पानांवर मीठ आधी पडायचं बंद झालं होतं, तेही मी बघत होते. कुणी मागितलं तर ती द्यायची. मीच मनाला समजावलं, कामाच्या गडबडीत होतं असं. मला जिल्ह्याची तयारी करायची होती ना!

संक्रांतीला मामा आला. तिळगूळ दिला-घेतला आणि चहा पिता पिता अगदी सहज म्हणाला, "अक्का, रथसप्तमी झाली की रजिस्ट्रार ऑफिसची वेळ घेतलीय. येशील ना सहीला?"

मी तिळाची वडी तोंडाशी नेली होती, ती तशीच राहिली. आता आभाळ फाटणार.

"बरं," आई म्हणाली. "येते की."

"आई! आणि खानावळ?"

"दुसरीकडं कुठंतरी मिळेल जागा. नाही मिळाली तर नाही."

मामा माझ्याकडं बघून हसला. "बघितलंस? किती दिवस भांडलो आम्ही उगाच."

त्याला दाराशी सोडून आले तेव्हा माझ्या हातात ती वडी चुरा होऊन चिकटली होती. आई इतकी वर्षं एकच शब्द जिवापाड सांभाळत होती. 'नाही'. तो कुठं गेला?

उत्तर मिळालं तेही भर प्रदर्शनात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझं टेबल होतं 'मीठ आणि मन'. नाव आधीच दिलेलं. मी घरून दोन पुड्या आणल्या होत्या. एकीत चिमटीनं मला सोडलेलं मीठ, दुसरीत आईला सोडलेलं. सोडियम ज्योतीत धरलं की ज्योत पिवळीधम्मक होते, हे दाखवायचं होतं. आमच्या विज्ञानाच्या नदाफ मॅडम आणि पाहुणे परीक्षक समोर, मागं सातवीची अख्खी रांग. मी पूर्ण जोशात!

"बघा मंडळी, ही माझी चिमूट!" तार मिठात बुडवली, बर्नरवर धरली. पिवळी! सातवीनं टाळ्या वाजवल्या.

"आणि ही माझ्या आईची!"

ज्योत जांभळी झाली. फिकट, धुतलेल्या जांभळ्या रंगाची.

"तार घाण असेल," मी म्हणाले. ॲसिडमध्ये धुतली, परत धरली. जांभळी. तिसऱ्यांदा धरली. पिवळ्याची एखादी रेघ दिसती तरी मला पुरली असती.

परीक्षक पुढच्या टेबलाकडं गेले. नदाफ मॅडम थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "हे नुसतं पोटॅशियम आहे, विदिशा. आईला डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलंय का?"

"नाही. कमी करा म्हणाले होते."

"मग पट्ट्यात इतक्या खाली कुणी बांधलंय त्यांना?"

मी तोंड उघडलं आणि मला तबकातलं खोकं दिसलं.

"आजपासून खरं मीठ दिलं तर?" मी विचारलं. "परवा रजिस्ट्रारकडं जायचंय."

मॅडमनी मान हलवली. "अंगातलं सोडियम दोन दिवसांत भरून येईल. पण मेंदूला जी सवय लागलीय ती सुटायला महिना-दीड महिना जातो. परवापर्यंत नाही होणार, बेटा."

शाळेच्या मैदानातूनच मी मामाला फोन लावला.

"मामा, आईच्या चिमटीत मीठच नाहीय."

तो म्हणाला, "बीपी उतरलं ना तिचं?"

"तुम्ही तिला पार खाली बांधलंय. सहीसाठी!"

"काळजीपोटी बांधलं, विदू. पहिल्यांदा काळजीपोटीच. मग बघितलं, ती शांत झाली, हसायला लागली. म्हटलं, राहू दे. सही ती स्वतःच्या मर्जीनं करतीय. मी एकदा तरी जबरदस्ती केली?"

"आईला सांगणार मी."

"सांग की. पण त्याआधी एक सांग. दिवाळीनंतर घरात एक तरी भांडं आपटलं? जिल्ह्यात पहिली कोण आली? ती आधीची आई परत पाहिजे तुला? खरं बोल."

जिल्ह्यातली पहिली वक्ता मी. मी फोन बंद केला.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. परातीतल्या पिठात बोटानं पट्टा काढून दाखवला, हा वरचा काठ, हा खालचा, इथं तू. ज्योतीचं सांगितलं, मामाचा फोन शब्दन् शब्द सांगितला. तिनं मध्येच तोडलं नाही, सगळं ऐकून घेतलं.

"हुशार आहेस गं तू," म्हणाली.

"आई, त्यानं तुला फसवलंय!"

"हो, कळलं की."

"मग राग नाही येत?"

पदराला बांधलेलं काही जागेवर आहे का ते चाचपून बघावं, तसं तिनं मनातल्या मनात शोधलं. अगदी प्रामाणिकपणे. मग म्हणाली, "नाही गं." आणि थोड्या वेळानं, "यायला पाहिजे होता का?"

दोन दिवस मी तिला लोणचं घातलं, पापड, खारातल्या मिरच्या, आमटीत मूठभर मीठ. ती मुकाट्यानं खात राहिली. "जरा खारट झालंय," एवढंच म्हणायची, आणि तांब्याभर पाणी प्यायची. तिसऱ्या दिवशी केस विंचरून, भाऊबीजेची जुनी साडी नेसून ती मामाच्या गाडीत बसली. मी शाळा बुडवून मागं बसले.

रजिस्ट्रार ऑफिसात साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ताई, तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"नाही," आई हसून म्हणाली.

"आहे!" मी ओरडले. माझा आवाज चांगलाच फुटला, बाहेरच्या बाकड्यावरचे लोकसुद्धा वळले. "साहेब, ती शुद्धीत नाहीय! म्हणजे आहे, पण तिला मीठ दिलेलं नाही! तिला राग येत नाही!"

साहेबांनी आईकडं बघितलं. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मामा कौतुकानं म्हणाला, "भाची आहे माझी. वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली." सगळे हसले. साहेबही हसले. "बाळ, राग येत नाही हे काही कारण होत नाही. असे पक्षकार रोज आले तर आम्हाला बरंच की!"

मग त्यांनी अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं. आईला सांगावं लागलं नाही. तिचा अंगठा आपोआप खळग्यात गेला, घरी रोज जातो तसा.

त्या संध्याकाळी मी चिमटी खोक्यात भरून माळ्यावर टाकली. स्वयंपाकात पहिल्यासारखं मीठ घालायला लागले आणि वाट बघत बसले.

भूगोलाच्या पेपरच्या आदल्या दिवशी खालून धाडकन आवाज आला. पातेलं! ते पडलेलं नव्हतं, आपटलेलं होतं! मी अशी जिना उतरले म्हणून सांगू, दोन दोन पायऱ्या. आई मधोमध उभी, तोंड लाल, पायाशी आमटीचा पाट. मी हसत सुटले. आली! परत आली!

"सही केली मी?" ती म्हणाली. "मी? माझ्या हातानं?"

"आई—"

"आणि तू कुठं होतीस तेव्हा?"

"मी सांगितलं होतं तुला. तिथंही ओरडले मी..."

"सांगितलं होतंस! भाषण ठोकलं असशील! हात का नाही धरलास माझा? अंगठा मोडायचा होतास की माझा!"

माझं हसू तोंडावरच राहिलं, पुसायला पण सुचेना.

वकिलांकडं गेलो. ते म्हणाले, यंत्र सरकारमान्य, डॉक्टरांचा सल्ला आहेच, आणि साहेबांपुढं विचारलं तेव्हा बाईंनी स्वतः 'नाही' म्हटलंय. जन्मभर सांभाळलेला तो शब्द तिनं चुकीच्या प्रश्नाला खर्च केला होता. खटला लढता येईल, पण तोवर घर उभं नसेल. मामा फोन उचलेना. मोजमापाची टेप घेऊन माणसं आली, त्यांच्यावर आई ओरडली. ती बिचारी पोरं, खाली मान घालून मोजत राहिली. पाटी उतरवली तेव्हा ओरडली. मग घर रिकामं झाल्यावर आम्ही स्टेशनमागं दोन खोल्या घेतल्या, तिथं ती भिंतींवर ओरडली. पूर्वी तिच्या ओरडण्यानं कुणी जेवायचं, कुणी उठायचं, भाव उतरायचा. आता नुसतं शेजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे.

निकालाच्या सुमारास तिला काम मिळालं, एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. तिथं सगळा स्वयंपाक अळणी असतो, टेबलाटेबलावर चिमट्या. आई पानं वाढते आणि मीठ वाढायचं नसतं.

मला ब्याण्णव टक्के पडले. पेढे घेऊन घरी आले तर घरात आवाज नाही. आई खाली बसलेली, समोर ते खोकं. सामानातून तिनंच शोधून काढलं होतं.

"हे चालू करून दे," म्हणाली.

"नाही. आई, नाही!"

"ऐक की. राग येतो, सकाळी उठल्यापासून येतो, आणि त्याला करायला काम नाही. रिकामा बसून मलाच खातो. आज एका पेशंटच्या बायकोवर ओरडले. ती नुसती पाणी मागत होती, विदू."

"मी खटला लढते. मी वकील होते!"

"हो. तोवर?" आई माझ्याकडं बघत होती. तिची मान थरथरत होती. "माझ्या फोनवर घेऊ नकोस. मी वाढवीन. तुझ्यावर घे. मी मागितलं तरी देऊ नकोस."

चिमटी एका नावावरून दुसऱ्या नावावर न्यायची तर आधीच्या कुटुंबप्रमुखाला स्वतःचा हक्क सोडावा लागतो. मी मामाला विनंती पाठवली. पेढ्याचा कागद उलगडायच्या आत उत्तर आलं. मामानं हक्क सोडला होता. इतक्या लगेच, एकही प्रश्न न विचारता.

पडद्यावर आईचं नाव होतं आणि शेजारी एक ठिपका. मी तो मधोमध ठेवला.

"खाली," आई म्हणाली.

मी थोडा ओढला.

"अजून खाली, बाळा. तिथं बरं वाटायचं मला."

असे मग बरेच आठवडे गेले. परवा आमटी मी केली होती, आणि ती करपली होती. अगदी तळापासून, खोलीभर वास. दोन पानं घेतली. आईनं अंगठा ठेवला, चोचीतून कण पडले, पांढरेच दिसतात ते. तिनं पहिला भुरका मारला आणि माझ्याकडं बघून हसली.

"छान झालीय गं आमटी."

मी उठले. फडताळातला जुना मिठाचा डबा काढला, खानावळीतला. माझ्या पानाच्या वर मधोमध एक चिमूट ठेवली, आईच्या पद्धतीनं, बाकी सगळ्याच्या आधी. मग आणखी एक. मामाचा निरोप आलाय, यंदा भाऊबीजेला येतोय, अक्काला बरं वाटतंय म्हणून. घरात एक तरी माणूस रागावलेलं पाहिजे.